एकट्यापुरती होडी

...आणि नेमकी तिथेच ती बाई दुधाचा खोका उचलून दुकानाबाहेर गेली! आता तुम्हीच सांगा, अर्धं वाक्य टाकून कुणी जातं का? मी पावांच्या मांडणीआड उभी, कान लावून नव्हे हं, पाव निवडत होते, आणि ती दुसरीला सांगत होती, "एनो हार्जूनं जुनी होडी काढलीय विकायला, आता म्हणे एकट्यापुरती घेतोय, आणि या खेपेला गेला की परत काही..." परत काही काय? मला काय करायचंय म्हणा. पण एनो माझा शेजारी, खाणीतून निवृत्त झालेला, मार्चमध्ये त्याची बायको हेल्मी गेली. दर सप्टेंबरात ती दोघं तीन तळी ओलांडून पार आत जायची आणि एका ठरलेल्या खडकाशी आठ दिवस तंबू ठोकायची. मिनेसोटाच्या या टोकाला एकदा आत गेलं की ना फोन लागतो ना कुणाला हाक ऐकू जाते. असा माणूस एकटा गेला आणि आलाच नाही तर?

मग काय, वेलदोडा घालून गोड पाव भाजला, आईच्या निळ्या एनॅमलच्या थाळीत ठेवला आणि गेले. बघते तर अंगणात तीन होड्या. एक त्यांची जुनी, दोघांची, ॲल्युमिनियमची. आणि दोन दुकानातून बघायला आणलेल्या, एकट्याच्या. एनो त्यांच्याभोवती नुसता घिरट्या घालतोय. म्हणाला, ही आखूड, वजनाला काहीच नाही, पण जरा वारा आला की तोंड फिरवते. ती लांब, सरळ चालते, पण वळवायची म्हटलं की हट्टाला पेटते. मी म्हटलं, अरे, ही तर माझ्या दोन नणंदांची माहिती झाली!

पण खरी पंचाईत पाण्यात नसते, जमिनीवर असते. तळं संपलं की होडी पालथी करून खांद्यावर घ्यायची आणि दगडधोंड्यांतून, चिखलातून पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. एनोच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, आणि जुनी होडी पंचाहत्तर पौंडांची. "तू माझ्याच उंचीची आहेस, डोरीन," म्हणाला, "ही लांब जरा घेऊन चाल. कशी हलते ते बाहेरून बघू दे." तुम्हाला सांगते, एकोणसाठाव्या वर्षी मी डोक्यावर होडी घालून टपालपेटीपर्यंत जाऊन आले! वर होडी, खाली माझे दोन पाय, आणि समोरच्या ओसरीवरून आवाज, "कोण गं ती?" "डोरीनच. बूट ओळखले."

मला काय करायचंय म्हणा, बोलू देत. होडी गवतावर ठेवली आणि धापा टाकत म्हटलं, अरे, हवा कशाला हा खटाटोप? माझा नवरा लॉइड येईल तुझ्याबरोबर होडी उचलू लागायला, स्वतःची वेगळी घेऊन. तू जुनीचंच मागचं टोक पुढे कर आणि पुढच्या बाकावर मागे तोंड करून बस, एकटी माणसं इथे सगळी तसंच करतात, तोल राहतो...

एनोनं जुन्या होडीच्या पुढच्या बाकावर हात ठेवला. मग म्हणाला, "तो बाक हेल्मीचा आहे."

मी बुटांवरचा चिखल झटकू लागले.

"एकोणचाळीस वर्षं तिची पाठ बघत वल्हं मारलंय मी. तिथे कसा बसू?"

मला काय करायचंय म्हणा. तरी विचारलंच. "परत येणार आहेस ना?"

"लांबवाली घेतो," म्हणाला.

हे काय उत्तर झालं? मग मीही म्हटलं, हा पाव थाळीसकट घेऊन जा, आणि थाळी परत आण, आईची आहे. आमच्याकडे दुसऱ्याची थाळी घरात अडकवून कुणी सुखानं झोपत नाही. हेल्मी तर दुसऱ्याच दिवशी घासूनपुसून, वर काहीतरी घालून आणून द्यायची. आणि तुम्हाला सांगते, या माणसानं ओझं कमी करायला दात घासायच्या ब्रशचा दांडा कापलेला, चमच्याला भोकं पाडलेली! पण पाव उचलून थाळी उलटी केली, वजन जोखलं आणि मुकाट्यानं पिशवीत घातली.

तो गेला, आठ दिवसांनी रविवारी यायचा होता. रविवार गेला. सोमवार गेला. मी खिडकीत. लॉइड म्हणाला, "पडदा झिजेल तो." मी म्हटलं, झिजू दे, मला काय करायचंय. मंगळवारी दुपारी गाडी वळली, टपावर ती लांब होडी, आणि मी हात पिठाचे तशीच धावले.

तर ती बातमी खरी म्हणावी का खोटी? होडी एकट्यापुरती घेतली, खरं. जुनी मात्र विकली नाही, ती आमच्या गॅरेजात टांगलीय, हेल्मीच्या बाकासकट, आणि लॉइडची गाडी यंदा बर्फात उभी राहणार. आणि ते 'परत काही'... एनो परत आला. थाळी नाही आली.

"विसरलो," म्हणाला. "हेल्मीच्या खडकावर राहिली. पुढच्या सप्टेंबरात आणतो."

विसरला! होडीचा स्क्रू न् स्क्रू मोजणारा माणूस, आणि म्हणे विसरला... आता वर्षभर पाव मी पातेल्याच्या झाकणावर ठेवतेय. जाऊ दे. मला काय करायचंय.