ब्रूनोच्या कानामागची गाठ

मी कुत्रा किती जिवापाड सांभाळतो असं तुम्ही म्हणता ना, मग हे ऐकाच. आमचा ब्रूनो, गोल्डन रिट्रीव्हर, सारखा कान खाजवत होता. न्यू टाउनमधल्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी कानामागचे केस बाजूला केले, तर केसांची घट्ट गाठ आणि तिच्याखाली कातडी लालभडक सोललेली.

"याला विंचरतं कोण?"

"आमच्याकडे कामाला येणाऱ्या मालतीदी," मी पटकन बोलून गेलो.

खरं तर ते काम माझं. महिनाभर मी ब्रश हातात धरला नव्हता. मालतीदी शेजारीच ब्रूनोला धरून उभ्या होत्या.

परतताना ऑटोत मी मान खाली घालून म्हणालो, "दीदी, सॉरी."

ब्रूनोच्या पाठीवरून हात फिरवत त्या आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "हमको क्यों बोलता है, दादा? दर्द तो इसको हुआ."