शेवटून पहिले

नाही, पण मी म्हणतो, दिवा मालवायची एवढी घाई कशाला? माणसानं जरा मान वर करून तळ्यात बघावं, आणखी कुणी उरलंय का, कोण आलंय, कितवं आलंय... पण नाही! आमचं शीड दिसलं की झालं, आवरा दुकान! जाऊ दे. आता बोलून काय उपयोग!

तुम्हाला सांगतो, आम्ही दोघे भाऊ शिंपी. दादा शिवतो, मी इस्त्री मारतो आणि गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून सांगतो. आणि संध्याकाळी शिडाची होडी! आता शिंप्याला होडी कशाला, असं वहिनी लग्नापासून विचारतेय. तळ्याच्या अलीकडे आमचा क्लब, पलीकडे दुसरा, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळची शर्यत. शर्यत म्हणजे काय हो, घरचंच कार्य! बक्षीस नाही, पंच नाही, दुसऱ्याला धक्का लागला तर ज्याचा लागला त्यानं आपणहून एक गोल फेरी मारायची, की मिटलं. शर्यत संपते त्या काठाच्या धक्क्यावर फक्त एक मास्तरीणबाई. निवृत्त. खुर्ची टाकून, दिवा लावून, विणत बसायच्या. पहिल्या होडीला लांब भोंगा, भोंSSS असा, पार पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा. बाकीच्यांना आखूड. आणि शेवटची होडी आली की भोंगा नाही, दिवा बंद!

तर आम्ही म्हणजे तो दिवा बंद. दर वेळी! आमच्या शिडाला तपकिरी ठिगळ आहे, कुणीतरी शिवायला टाकून परत न आलेल्या पँटचं. ते ठिगळ अंधारात दिसलं की मास्तरीणबाई लोकर गुंडाळायला घेणार. लोक घड्याळ बघतात, त्या आम्हाला बघायच्या.

आणि दादाची हौस एकच. जिंकायचं वगैरे नाही हो, तो लांब भोंगा एकदा आपल्यासाठी वाजावा, एवढीच. पण शिलाई मशीननं गुडघे खाल्लेले. डॉक्टर म्हणाले, होडी बंद. वहिनी म्हणाली, "गुडघे सांभाळा, नाहीतर तिकडं तळ्यातच बिऱ्हाड करा!" झालं, होडी विकली. एका दातांच्या डॉक्टरला. नवाच शिकतोय बिचारा. म्हटलं, चला, मोसमाची शेवटची शर्यत तेवढी मारू, मग घेऊन जा.

मोसमाचा शेवट म्हणजे काय विचारता! अंधार लवकर, वारा उशिरा, आणि आला तरी बसत नाही, पाहुण्यासारखा दारातूनच परत जातो. निघालो. सगळे वळले पलीकडच्या काठाला, कारण औषधवाला वळला, आणि तो दर वेळी जिंकतो. आता वळायचं म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्याखालून वाकून पलीकडे सरकायचं. मी म्हटलं, "दादा, वळ!" तर म्हणतो, "थांब." "अरे वळ ना, सगळे वळले!" "अरे गुडघा धरलाय, वळ काय वळ!" म्हणून आम्ही सरळ. नाइलाजानं हो! आणि अलीकडच्या काठाला वारा... असा वारा... शीड टम्म! आणि तिकडं पलीकडं सगळे ठप्प, औषधवाला शिडाखाली बसून डास मारतोय! शर्यत आमच्या गुडघ्यानं काढली, तुम्हाला सांगतो!

तळ्यातल्या तरंगत्या बोयाला फेरी मारली, परत फिरलो, पुढं कुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा पुढं कुणी नाही! दादानं सुकाणू घट्ट धरलं.  मला म्हणतो, "ओरडू नकोस, वारा जाईल." धक्क्यावर दिवा. बाई खाली मान घालून सुटलेले टाके उचलतायत. आलो, आलो, रेषा ओलांडली... आणि बाईंनी मान वर केली. ठिगळ पाहिलं. "अगोबाई, झालं वाटतं सगळ्यांचं!" आणि दिवा बंद!

"बाई, भोंगा! अहो भोंगा!" मी ओरडतोय. तर त्या अंधारातून म्हणतात कशा, "हो हो, बघितलं! सावकाश उतरा, पाय घसरेल!" आणि आम्ही होडी बांधेपर्यंत कुलूप लावून गेल्यासुद्धा. आता बोलून काय उपयोग!

मग बाकीचे आले. दिवा नाही, काठ दिसेना, औषधवाला तर धक्क्यालाच धडकला. क्लबात हा आरडाओरडा! "दिवा नाही, भोंगा नाही, ही कसली शर्यत? रद्द!" मी उठलो, म्हटलं ऐका, आम्ही... तर दादानं सदरा धरून खाली बसवलं.

"अरे पण आपण पहिले आलो!"

"हळू बोल. सगळे घरी जायचे, आणि बाई थंडीत बसून राहायच्या. कुणासाठी? आपल्यासाठी. एक दिवस लवकर उठल्या, तर चारचौघांत त्यांची शोभा करतोस?"

 घरी येऊन दादा गुडघ्याला तेल चोळत बसला, जेवला नाही. मला वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं. एकच मागितलं होतं त्यानं तळ्याकडं.

पण मी काही पोटात ठेवणारा नव्हे. सकाळी धक्क्यावर बाईंना गाठलं, सगळं सांगितलं. त्या चष्मा पुसत राहिल्या. तेवढ्यात दातवाला गाडी घेऊन आला, होडी मागं जोडली, दादानं शिडाची घडी करून दिली, ठिगळ वर येईल अशी. गाडी हलली. आणि धक्क्यावरून... भोंSSSSS! थांबेचना! पलीकडच्या काठाला माणसं घराबाहेर आली म्हणे.

आणि दातवाल्याला वाटलं, आपल्यालाच! खिडकीतून हात काढून हा हलवतोय, हसतोय...

मी चिडलो. "दादा, बघ त्याला! भोंगा तुझा आणि हात तो हलवतोय!"

दादानं डोळे पुसले, म्हणाला, "हलवू दे रे. नवा आहे. ती होडी कितवी येते, त्याला अजून कुठं माहीत आहे!"