सीटच्या पाठीला दोन चिरा

— नाही, कात्री लावणार नाही मी या सीटला. खाली ठेव ती. मशीनवर नको, खाली ठेव, हात बघ तुझे, कोपरापर्यंत तेल. आणि ‘बातिमा आपाय, दोनच तर चिरा पाडायच्यात’ हे पुन्हा म्हणू नकोस. दोनच! पंचवीस वर्षं या गॅरेजांच्या रांगेत मी गाड्यांच्या सीटा शिवतेय, अख्ख्या अल्माटीत लोक माझी शिवण बोट फिरवून ओळखतात, आणि मला काय दोन चिरा जमत नाहीत म्हणून मी नाही म्हणतेय? डोळे मिटून पाडीन. कडेला चामड्याची पट्टी, दुहेरी टाका, शर्यतीचा पट्टा असा सुळ्ळकन आत जाईल की तुला वाटेल कारखान्यातूनच तशी आली. जमतं ना, म्हणूनच नाही म्हणतेय. बस. स्टूल ओढ ते. चहा घे, दूध घातलंय, आणि बाऊर्साक घे, सकाळीच तळलेत. घे रे, तोंड पाडून बसलास म्हणून काही मी विरघळणार नाहीये.

दाखव बघू तो पट्टा. हं. बाजारात घेतलास? वापरलेला? मग हे लेबल वाचलंस का? वाच, मोठ्याने वाच — मुदत संपून सहा वर्षं झाली. लेबलावर काय जायचं, म्हणतोस? बरं, लेबल सोड. हे बघ, इथे नखाने खरवडते — दिसलं? भुकटी पडतेय. उन्हाने खाल्लाय धागा. बाहेरून लाल, झोकदार, आतून वाळलेलं गवत. मला गाडीतलं दुसरं काही कळत नसेल, पण धागा कळतो. आणि हा चार टोकांचा. मांड्यांमधून येणारा पाचवा पट्टा कुठाय? तो नसला की धडक बसल्यावर माणूस खालून सरकतो आणि कमरेचा पट्टा वर चढतो, थेट पोटात. आतडी असतात तिथे, माहितीय ना? — हसू नकोस.

आणि खांद्याचे पट्टे मागे कुठे आवळणार? सांग ना. लाजतोस कशाला? — जमिनीला. अर्थात! मागच्या सीटच्या बेल्टचे बोल्ट आयतेच आहेत, होय ना? कुणी सांगितलं? व्हिडिओत पाहिलं. छान. उठ. उठ म्हणते ना, चहा ठेव. माझ्याकडे पाठ कर आणि त्या स्टुलावर ताठ बस. आता हे माझे हात तुझ्या खांद्यांवरून मागे आले, आणि मी ओढते — मागे नाही, खाली, जमिनीकडे, अशी — लागलं? साठीची बाई मी, अजून जोर लावलेलाच नाही. आता असं समज की तू शंभरच्या वेगाने टायरांच्या भिंतीवर गेलास. तुझं अख्खं अंग पुढे जाऊ बघतंय आणि हे पट्टे खांदे खाली दाबतायत. मधे कोण सापडला? मणका. पट्टा सरळ मागे गेला पाहिजे, खांद्याच्या रेषेत, फार तर जरासा उतरता. आणि मागे त्याला धरायला हवी आडवी नळी, रोलबारची. तो बार नुसता पट्ट्यासाठीही नसतो, छत तोलून धरायलाही असतो. गाडी उलटली, छत खाली आलं, तर साध्या पट्ट्यातला माणूस निदान बाजूला कलंडतो. तू मात्र त्यात खुंट्यासारखा ताठ. छत कुठे येणार मग? डोक्यावर.

बार नको? का? मागे जागा उरत नाही? — मुलीची खुर्ची असते मागे. किती वर्षांची आहे? तीन. म्हणजे शनिवारी ट्रॅक आणि सोमवारी त्याच गाडीतून बालवाडी. मग पोरा, त्या गाडीत कारखान्याने दिलेला पट्टा आहे ना, तोच लाव! वळणावर घसरतोस सीटवर? घसर की! गुडघा दाराला टेकव. दोन सेकंद उशिरा पोचशील. कुठे पोचायचं असतं तुम्हाला, सांग तरी, गोल फिरून पुन्हा तिथेच तर येता! — नाही, चिडले नाही मी. हो, चिडलेय. महिन्यातून एक तरी येतो तुझ्यासारखा सीट खांद्यावर घेऊन, आणि प्रत्येकाला मी हेच सांगते, आणि प्रत्येकजण कोपऱ्यावरच्या दुसऱ्या शिंप्याकडे जाऊन चिरा पाडून घेतो. त्याची शिवण बघवत नाही, ते आणखी वेगळं.

कुणाचं काय झालं म्हणून विचारतोस? झालं एकाचं. तू जातोस त्याच तळ्याकडच्या ट्रॅकवर, चार वर्षांपूर्वी. तिसऱ्या फेरीला ब्रेक तापले, पेडल नुसतंच तळाला गेलं आणि गाडी सरळ भिंतीत. फार वेगही नव्हता. साध्या पट्ट्यात बरगडी मोडली असती, आठवडाभर कण्हला असता आणि उठला असता. याचा मणका चेपला, कमरेच्या जरा वर. अकरा महिने. चालतो आता, पण उंची दोन बोटं कमी झाली, आणि अर्धा तास बसला की उभं राहावं लागतं. तेविसाचा होता. — हो. माझाच. अल्दियार. तुला ठाऊकच असणार, सगळ्या रांगेला ठाऊक आहे. त्याच्या बापाने, माझ्या ओरिनबायने, पट्टा जमिनीला आवळून दिला म्हणून पोरगा मोडला — असंच सांगितलं ना तुला? म्हणूनच तू त्याच्या वर्कशॉपवरून पुढे निघून सरळ माझ्याकडे आलास, त्याला काही न विचारता. खरं सांग. — वाटलंच.

ऐक मग. ओरिनबायने पोराला स्वच्छ सांगितलं होतं, आधी बार, मग पट्टा. नळी वाकवताना एकदा तडकली, दुसरी मिळेना, तीन आठवडे गेले. अल्दियारने शनिवारचं नाव नोंदवून ठेवलेलं. बाप म्हणाला, साध्या पट्ट्यात जा. पोरगा म्हणाला, तुम्हाला माझं कधी काही होऊच द्यायचं नसतं. झालं, बोलणं बंद. एकाच टेबलाला बसायचे आणि मीठ मला मागायचे! दोघांपैकी कुणीही मान वर करत नव्हता. मला ते सोसेना रे. घरात तीनच माणसं, आणि त्यातली दोन मुकी. शुक्रवारी ओरिनबाय नळीसाठी ताल्दिकोर्गानला गेला, म्हणाला मुक्काम पडेल, सकाळी येतो. आणि मी... सीट माझ्याकडेच होती ना.

चिरा मी पाडल्या. सुंदर पाडल्या. आणि बोल्टही मीच आवळले. सीट काढून बसवण्यात जन्म गेला माझा, पाना काय मला नवा होता? खाली जाड वॉशर घातले, दोनदा हिसका मारून पाहिला, हललं नाही. मला वाटलं, हललं नाही म्हणजे घट्ट, घट्ट म्हणजे चांगलं. शिवणीत तसंच असतं. संध्याकाळी पोरगा आला, पाहिलं, आणि काय चेहरा झाला त्याचा! म्हणाला, ‘आई, बाबांनी ऐकलं शेवटी!’ आणि मी काही बोलले नाही. म्हटलं, असू दे, बापाचं नाव होऊ दे, उद्या आपसूक गळ्यात पडतील एकमेकांच्या. सकाळी बाप परत यायच्या आधीच तो ट्रॅकवर गेला होता.

इस्पितळात शुद्धीवर आला तेव्हा आम्ही दोघं खाटेशी होतो. त्याने बापाला विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना, तुम्हीच सांगत होता ना, मग का बसवलात? ओरिनबायने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी चादर सारखी करत होते. आणि तो म्हणाला, ‘चुकलं माझं.’

बस. एवढंच. मी चादरीचा कोपरा गादीखाली खोचला, मग पुन्हा काढला, पुन्हा खोचला.

चार वर्षं झाली. पोरगा अक्तोबेला असतो, ऑफिसात काम करतो. मला फोन करतो, औषध घेतलंस का विचारतो, बाबांना देऊ का म्हटलं की त्याला नेमकं तेव्हाच काम निघतं. बापाकडे गिऱ्हाईक येत नाही, तुझ्यासारखे वळसा घालून जातात, ज्याने आयुष्यात एक बोल्ट तिरका लावला नाही त्याच्याकडे! आणि घरात मला त्यावरून एक शब्द नाही. एकदाही नाही, ऐकतोयस? अंगावर ओरडला असता, ताट भिरकावलं असतं, तर मी रडून मोकळी झाले असते. तो बशीत जर्दाळू काढून माझ्यापुढे सरकवतो. — नको, मला समजावू नकोस. तुझं वय काय, समजावतोस काय. आणि मी तरी तुला का सांगत बसलेय हे? नाव काय म्हणालास तुझं? बघ, नावसुद्धा ठाऊक नाही. चार वर्षांत कुणाला सांगितलं नाही. वाटायचं, शब्द फुटायचेच नाहीत. फुटले की. आणि छत काही कोसळलं नाही.

तुझी सीट उचल. तो पट्टा इथेच राहू दे, मी कापून टाकते, कुणा दुसऱ्याच्या गळ्यात नको. आणि डावीकडचं तिसरं दार, तिथे जा, ओरिनबाय असेल, म्हणावं, बारचं माप घ्या, मुलीची खुर्ची मागे बसते तेही सांग, तो नको म्हणाला तर नको, वाद घालू नकोस त्याच्याशी. माझं नाव सांगू नकोस — नाही, सांग. सांग, बातिमाने पाठवलं. — चहा राहू दे, मी उचलते कप. जा आता तू. मला अक्तोबेला पोराला फोन लावायचाय, आणि तू समोर असलास तर मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलेन. जा. दार बाहेरून ओढून घे.