पूल म्हणजे पूलच ना

मला सांगा, डिलाईल रोडला जन्म काढलेल्या बाईला कोणी ‘पूल’ म्हटलं, तर तिला दुसरं काय आठवणार? वर्षानुवर्षं बंद होता, वळसे घालून घालून आमच्या चपला झिजल्या, तोच ना? तर आमच्या शेजारच्या अनुजाताई. लेक स्पृहा नोकरीला बंगळूरला जाताना बजावून गेली, की आई, माझी मशीन बंद करू नकोस हं, मी पूलमध्ये आहे... आणि अनुजाताई चाळभर सांगत सुटल्या, पोरीला पुलाचं काम मिळालं! आता पूल म्हणजे पूलच ना, त्यांचं काय चुकलं?

मग वरच्या मजल्यावरच्या हितेंद्रने समजावलं. ती कॉम्प्युटरची मशीन म्हणे दिवसरात्र आकड्यांच्या एका कुलपाला किल्ल्या लावून बघते, अशा चाळीत चार मशिनी, एकीची किल्ली लागली की डिजिटल नाणी मिळणार, ती चौघांनी वाटून घ्यायची, जिची जेवढी मेहनत तेवढा वाटा, आणि याचंच नाव पूल. वर म्हणतो, “काकी, नाणी दिसत नाहीत हं.” म्हणजे न दिसणाऱ्या नाण्यांसाठी ही दिसणारी भट्टी घरात, भर वैशाखात, पंखा गरम वारा फेकतोय, बोलायचं तर ओरडून, आणि अनुजाताई? मशीनवरची धूळ पुसतायत. लेकीला शब्द दिलाय ना...

आणि लागली किल्ली. कोणाच्या मशीनला? गौतमच्या! जो गेम खेळायला सारखी मशीन पूलमधून काढून घ्यायचा, त्या गौतमच्या. आला हात खिशात घालून, म्हणतो कसा, “लागली माझ्या मशीनला, मग वाटणी कसली?” तिसरी मशीन हितेंद्रची, वाटणी करणाराही तोच, पण तो जिन्याकडे बघतोय... म्हणतो, “तसं बघायला गेलं तर, म्हणजे एका अर्थाने...” मित्र पडला ना त्याचा. स्पृहा तिकडे बंगळूरला. तिचा वाटा बुडालाच म्हणायचा की.

तेव्हा अनुजाताई, भाजीवाल्याशीसुद्धा कधी घासाघीस न केलेली बाई, ओले हात पुसत गॅलरीत आल्या. आवाज चढवला नाही की काही नाही. म्हणाल्या, “बाळा, आपल्या पुलाचा शेवटचा गर्डर ज्याने टाकला, त्याच्या एकट्याचा झाला का रे पूल?”

अहो, त्या अजून मनात तोच पूल धरून बसल्या होत्या, आणि नेमका तोच कामी आला! चौथी मशीन व्हिन्सेंट अंकलची, ते खालून म्हणाले, “बरोबर बोलली बाई. तू गेम खेळणार, आणि बाकीचे काय येडे?” गौतमने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मान खाली घातली. हितेंद्रने तिथल्या तिथे मोबाइल काढून मेहनतीप्रमाणे वाटे केले, गौतमलाही त्याचा दिला, बारीकसा, पण दिला. आणि सगळ्यात मोठा कोणाचा? स्पृहाचा! अनुजाताईंनी लेकीला फोन लावला, “पुलाचं काम झालं गं.” आता पूल म्हणजे पूलच ना...

तुम्हाला सांगते, चाळीचा असा विश्वास बसला त्यांच्यावर, की या बाईकडे मशीन बंद पडत नाही आणि कोणाचा वाटा बुडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्या तिन्ही घरांनी आपापल्या मशिनी आणून अनुजाताईंच्या स्वयंपाकघरात ठेवल्या.