मैनाबाईंच्या कण्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि शाळा व्यवस्थापन समितीचे प्रमुख माननीय बाबारावजी, आर्णीहून वेळात वेळ काढून आलेले केंद्रप्रमुख आदरणीय उत्तमसिंग राठोड सर, मुख्याध्यापक स्वानंद सर, व्यासपीठावरचे इतर मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती मैनाबाई, पहिल्या रांगेत बसायला नको म्हणून खांबाआड बसलेले त्यांचे यजमान पुंडलिकराव, गावातल्या माझ्या बहिणींनो, बांधवांनो आणि विद्यार्थी मित्रांनो,

मी कुंदा मुळावकर. नवी मुलं मला ओळखत नसतील. याच शाळेत मी नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते, इतिहास शिकवत होते, आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून अध्यक्ष महोदयांची परवानगी असेल तर बसूनच बोलते. स्वानंद सरांनी फोन केला की मैनाबाई शाळेचा स्वयंपाक सोडताहेत, दोन शब्द बोला. खरं सांगायचं तर यायचं जिवावर आलं होतं. यवतमाळहून दोन बस बदलून यायचं, हे एक कारण. दुसरं पुढे येईलच.

यंदा बोंडअळीनं काय केलं ते मी येताना पाहिलं. तुमच्यापैकी कितीतरी जण उभ्या कपाशीत नांगर घालून इथे आला आहात. अशा वर्षी एका स्वयंपाकीण बाईंच्या सत्कारासाठी गाव जमतं, ही लहान गोष्ट नाही.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मैनाबाईंच्या हातच्या खिचडीची फार सुंदर स्तुती केली. ती मी पुन्हा करत नाही. मला खिचडीविषयी बोलायचंच नाही. मला कण्यांविषयी बोलायचं आहे.

इथल्या मुलांना विचारते. कण्या म्हणजे काय, कोणाला माहीत आहे? हात वर करा. ... एक. दोन. बाळ, तू टीव्हीवर पाहिल्या असशील. असो. ज्वारीला पाण्याचा हात लावायचा, उखळात कांडायची, सुपात पाखडून कोंडा काढायचा, मग जात्यावर भरडायची. त्या भरड्याला म्हणतात कण्या. त्या पाण्यात शिजवायच्या, वरून ताक घालायचं, लसणाची आणि लाल मिरचीची फोडणी द्यायची. सोबत अंबाडीची भाजी असली तर माणसाला दुसरं काही लागत नाही. तुमच्या आज्या हे खाऊन वावरात जात होत्या.

मी शहरातली. नोकरदार घरात वाढले, पोळी-भात खाऊन. कण्या मी पहिल्यांदा या शाळेत खाल्ल्या. दोन हजार सहा साली, ऑगस्ट महिन्यात.

ती गोष्ट मी आज सांगणार आहे. बाबारावजी, वेळ थोडा जास्त लागेल, सांभाळून घ्या.

त्या महिन्यात पावसाची झड लागली होती. शाळेच्या कोठीत ठेवलेल्या तांदळाला ओल लागली. सकाळी साडेनऊला मैनाबाई सूप घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"मॅडम, तांदुयात किडे पडले. पाहा. शिजवू का टाकून देऊ?"

मी पाहिलं. शिजवण्यासारखा नव्हता. दुसरा तांदूळ आर्णीहून यायचा, आणि नाल्याला पूर होता. शाळेत सत्तर-ऐंशी मुलं. त्यांतली कितीतरी सकाळी घरून कोरा चहा पिऊन आलेली. मी म्हटलं, "मैनाबाई, आज काहीतरी बघा ना तुम्हीच."

"माह्या घरी जवारी हाये. कण्या करतो मी. चार घरचं ताक मागून आनतो. चालन काय?"

"चालेल," मी म्हटलं. माझा हा शब्द लक्षात ठेवा.

ज्वारी भरडून मैनाबाई टोपली डोक्यावर घेऊन आल्या. चूल पेटली. मी तिथेच उभी होते, तेव्हा त्या आपल्या बोलत होत्या. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या अंगणात ज्वारीचं पेव होतं, जमिनीखाली, माणूस उभा राहील एवढं. कुठल्याशा दुष्काळात त्यांनी ते गावासाठी उघडलं आणि घरोघरी कण्या शिजल्या. तेव्हापासून त्यांच्या घरात नव्या ज्वारीच्या पहिल्या कण्या शेजारी वाटल्याशिवाय कोणी खात नाही. कोणत्या लग्नात काडीवर वळलेल्या कणकेचे सरगुंडे किती लागतात, देवीपुढे रोडगे कोणत्या लाकडाच्या विस्तवावर भाजायचे, कोणत्या कुळात अंबाडीची भाजी नैवेद्याला चालते आणि कोणत्या नाही, हे सगळं त्या ढवळता ढवळता सांगत होत्या. मी इतिहासाची शिक्षिका. पुस्तकातून पोरांना तह आणि लढाया शिकवत होते. या गावाचा इतिहास मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही पातेल्यापाशी.

शिक्षकानं आधी चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. मी एक वाटी खाल्ली. दुसरी मागून घेतली. वहीत लिहिलं, "ज्वारीच्या कण्या. चव उत्तम." खाली सही केली. मुलांनी तर पातेली पुसून खाल्ली.

आणि तेवढ्यात तपासणीची जीप आली. नाल्याचं पाणी उतरलं होतं.

ते साहेब कोण होते, हे सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी पातेल्यात पाहिलं आणि म्हणाले, "हे काय? गुरांचं खाणं घालता मुलांना? ठरलेल्या जेवणात हे कुठे आहे? कोणाच्या परवानगीनं झालं?"

मला रुजू होऊन वर्षही झालं नव्हतं. त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात एका मुख्याध्यापकांवर कारवाई झाली होती. मी घाबरले. घाबरले, एवढंच खरं आहे, त्याला दुसरा शब्द नाही. मी म्हटलं, "सर, मला कल्पना नव्हती. बाईंनी परस्पर केलं."

मैनाबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "हो साहेब. मीच केलं."

त्याच दिवशी त्यांना कामावरून थांबवलं. सगळे गेल्यावर मी नोंदवहीतलं माझ्या सहीचं पान फाडलं.

मंडळी, थोडं पाणी घेते.

आठ दिवसांनी पुंडलिकराव शाळेत आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तिले कामावर घ्या, नाही तं नका घेऊ. पन गावात लोक बोलून राह्यले, का हिनं पोरायले सडकं चारलं. तिनं सडकं नाही चारलं, एवढं तुमी गावाले सांगा. मले दुसरं काही नाही पायजे."

मी म्हटलं, "बघते." मी काहीही बघितलं नाही.

पाच महिने गेले. माझ्या बहिणींनो, तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल, त्या आधी गावात लग्न असलं की सरगुंडे करायला पहिलं बोलावणं मैनाबाईंना असायचं. बारीक काडीवर त्या कणीक अशी वळायच्या की काडी काढली तरी वेढा मोडायचा नाही. त्या हंगामात त्यांना एकाही घरून बोलावणं आलं नाही. आर्णीहून मंडपवाले आले, त्यांचेच आचारी आले. पुढच्या वर्षीही तेच आले. मग तीच रीत झाली. आज या गावात सरगुंडे वळणाऱ्या किती जणी आहेत? बोलू नका, मला माहीत आहे.

जानेवारीत एक आई दाखला न्यायला आली आणि सहज म्हणाली, "मॅडम, मैनाबाईच्या हातचं खाऊन पोरं बिमार पडले होते म्हंतात, खरं हाये काय?" एकही मूल आजारी पडलं नव्हतं. मी नुसतं एक वाक्य बोलले होते, आणि ते गावात फिरून एवढं मोठं होऊन माझ्याकडे परत आलं होतं. त्या आठवड्यात मी वर पत्र लिहिलं, की गैरसमज झाला होता, बाईंना पुन्हा घ्यावं. गैरसमज! चूक माझी, हे तिथेही लिहिलं नाही. मैनाबाई परत आल्या. मी "या" म्हटलं, त्या चुलीशी बसल्या. त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी नियमाप्रमाणे खिचडी केली. कण्यांचं नाव काढलं नाही. मीही नाही.

तर गावकऱ्यांनो, पुंडलिकरावांनी मागितलं होतं ते आज देते. मैनाबाईंनी त्या दिवशी मुलांना चांगलं, ताजं अन्न घातलं. माझ्या सांगण्यावरून घातलं. मी स्वतः दोन वाट्या खाल्ल्या. खोटं मी बोलले.

काल दुपारी गावात पोचले आणि आधी त्यांच्या घरी गेले. उद्या मी हे सगळं सांगणार आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "काहून मॅडम? आता कोनाले याद हाये?"

"तुम्हाला आहे ना?"

मग म्हणाल्या, "मले हाये."

मी विचारलं, कण्या शिकवाल का मला? तर म्हणाल्या, "जवारीच नाही घरात. सात वर्सं झाले, पेरलीच नाही. सारा शिवार कपाशीचा. एकट्यानं पेरली का गावाची सारी पाखरं त्याच वावरात उतरतात. राखन किती करावं? यायचे हात चालत नाही आता." हात म्हणाल्या ते पुंडलिकरावांचे; ते तिथेच बसले होते. ते म्हणाले, "चार-पाच जनायनं पेरली असती तं पाखरं वाटून गेले असते."

काल रात्री मी त्याच वाक्याचा विचार करत होते. आपण समजतो, जुनं अन्न काळाच्या ओघात गेलं. गेलं असेलही. पण या गावात ते कसकसं गेलं, त्यातला थोडा भाग मला तारीखवार माहीत आहे.

मी थकले आहे. भाषणानं गावं बदलतात, असं या वयात वाटत नाही. कपाशी सोडा असं सांगण्याचा मला अधिकार नाही. यंदाच्या तुमच्या वावराकडे पाहून तर तोंडच उघडत नाही. तरी एक विनंती करते. ज्यांनी ज्यांनी नांगर घातला आहे, त्यांच्यातल्या पाच जणांनी पुढच्या खरिपात धुऱ्याकडेच्या, बांधालगतच्या चार-चार ओळी ज्वारीच्या पेराव्यात. पाचही जणांनी, एकदमच. आणि माझ्या बहिणींनो, या उन्हाळ्यात दोघी-तिघी मैनाबाईंकडे जाऊन बसा. त्यांची नजर अधू होत चालली आहे, पण बोटांना अजून काडी कळते.

आयोजकांचे, अध्यक्ष महोदयांचे आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कोणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द मागेपुढे झाला असेल, तर पोटात घाला. एवढी क्षमा मी सभागृहाकडे मागते. दुसरी क्षमा सभागृहाच्या हातातली नाही. मैनाबाई, ती मी तुमच्याकडे मागते. आज उत्तर देऊ नका. शाल-श्रीफळाच्या गडबडीत, लोकांसमोर, भिडेखातर तर मुळीच देऊ नका.

मी थांबते. नमस्कार.