मत नसलेली बाई

—नाही, दार उघडं नका ठेवू, लोटून घ्या. नियम आहे तो. मतदान चाललेलं असताना उमेदवाराने सभागृहात थांबायचं नसतं, कानही द्यायचा नसतो. म्हणून तर तुम्हाला इकडे मागे पाठवलंय, स्वयंपाकघरात, कपबशांच्या सोबतीला. आणि माझ्या. मी का नाही आत? आलाच बघा प्रश्न तोंडावर! मला मत नाही म्हणून. सभासद नाही मी. या बॅप्टिस्ट मंडळीची उपासना सुटली की चहा माझ्या हातचा, व्यासपीठापुढची फुलं माझ्या हातची, पडदे धुवायचे तेही मीच – पण हात वर करायची वेळ आली की मी इथे, सिंकपाशी. बसा. हसू नका, तुम्हाला हसवायला बोलत नाहीये मी. सरळच सांगते, तुम्ही आम्हाला नको आहात. आम्हाला म्हणजे – मला.

उपदेश बरा होता. आवाज चांगला आहे तुमचा, शेवटच्या बाकापर्यंत येतो. पण शेवटी ते काय काढलंत? म्हणे, 'मला पाळक म्हणून बोलवायचं असेल तर आधी तो नियम काढा. पूर्ण पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला नाही म्हणून कुणाला बाहेर ठेवणार असाल, तर मी येणार नाही.' अहो, सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. तुम्हाला दिसलं नसेल, तुमचे डोळे मिटलेले होते. त्या नियमात किती जण अडकलेत, कुणी सांगितलं का तुम्हाला? मी. एकटी मी! म्हणजे आत आता ते तुमच्यावर मत देत नाहीयेत, माझ्यावर देतायत. नुसतं 'पाळक हवा की नको' असतं तर मी गप्प कप विसळत बसले असते. घ्या चहा. साखर घालून घ्या, मी घालत नसते कुणाला.

तुम्हाला वाटत असेल, काय ही बाई, भलं करायला आलोय तर अंगावर येते. अहो, माझं भलं करायला आलेले तुम्ही काय पहिले आहात? या मंडळीचा इतिहास तुम्हाला आत छान सांगितला असेल – थोर सेवकांची परंपरा वगैरे. मी सांगते परंपरा. पहिले ते थोरले पाळक, भिंतीवर तसबीर आहे त्यांची, दाढीवाले. बाप्तिस्म्याचा हौद त्यांनी स्वतःच्या हातांनी खणला, व्यासपीठाच्या फळ्यांखाली. दर वर्धापनदिनी कुणीतरी उठून त्या हौदाचं कौतुक करतं. कौतुक करणाऱ्याने एकदा तो उपसून बघावा! थोरल्यांनी हौद बांधला, पायऱ्या केल्या, आत निळा रंग दिला – आणि पाणी जायला भोकच ठेवलं नाही. ठेवलंच नाही हो! विसरले. तेव्हापासून प्रत्येक बाप्तिस्म्यानंतर बायका पदर खोचून, बादल्या घेऊन रांगेत. माझ्या सासूबाई उपसायच्या, मी उपसलंय. ज्या पाण्यात मी उतरले नाही ते पाणी मी उपसलंय. आहे की नाही गंमत?

त्यांच्यामागून आले ते कुलूपवाले. त्यांचा सगळ्यांवर संशय. दानपेटीला कुलूप, कपाटाला कुलूप, या स्वयंपाकघरालाही कुलूप आणि किल्ली त्यांच्या खिशात. चहा करायचा तर आधी पाळकांचा खिसा गाठायचा. मी नवी सून होते. पहिल्याच रविवारी मला म्हणाले, 'तुमचा बाप्तिस्मा झालाय ना?' म्हटलं, हो, तान्ही असतानाच झाला, आमच्या चर्चमध्ये. 'डोक्यावर पाणी शिंपडून? तो बाप्तिस्मा नव्हे.' झालं, पुढे बोलणं नाही. जसं काही मी खोटं नाणं दाखवलं होतं दुकानात.

मग रडके. ते व्यासपीठावर रडायचे, आणि मंडळीही रडायची. त्यांची बायको मात्र इथे माझ्याशेजारी कप पुसत म्हणायची, 'घरी नाही हो रडत कधी, घरी नुसते ओरडतात.' गुणी बाई होती. ते रडके माझ्यासाठी सगळ्यांसमोर प्रार्थना करायचे – 'प्रभू, या भगिनीचं कठीण हृदय मऊ कर.' मी शेवटच्या बाकावर, कानांच्या पाळ्या तापलेल्या. मऊ कर म्हणे! मी काय वाळलेली भाकर – जाऊ दे. त्यानंतर तो पोरगेला पाळक, ज्याला सगळं नवीन हवं असायचं, माइक हवा, दिवे हवेत, आणि मी त्याच्या कारकिर्दीत पाण्यात उतरायला हवी. दर आठवड्याला इथे यायचा, याच ओट्याला टेकून उभा. 'काकू, पाणी गरम करून देतो, किती वेळ काठावर उभ्या राहणार?' एकदा हातातलं ओलं फडकं मारलं असतं मी त्याला. मारलं नाही. अजून वाईट वाटतं, मारायला हवं होतं.

हट्ट? तुम्हीही म्हणालात बघा हट्ट! मनात म्हणालात, चेहऱ्यावर आलं. ऐका मग. मी तान्ही होते तेव्हा तापाने फणफणले होते. वाचत नव्हते. आईने मला शालीत गुंडाळलं आणि भर थंडीत चालत चर्चमध्ये नेलं. ती स्वतः ओली बाळंतीण, पायांत त्राण नव्हतं. तिथल्या वृद्ध फादरनी माझ्या डोक्यावर पाणी घातलं, आणि आई गुडघ्यांवर बसून म्हणाली, 'ही तुझी, ठेवायची तर ठेव, न्यायची तर ने.' हे ती मला सांगायची, वेणी घालताना. दर वेळी. सांगताना तिचा हात थांबायचा माझ्या टाळूवर, बरोबर पाणी पडलं होतं तिथे. आता तुम्ही सांगा, मी त्या निळ्या हौदात उतरून नाकतोंड बुडवून वर आले, की काय झालं? आईने केलं ते नुसतं डोकं ओलं करणं झालं. ती चालत आली ते उगाच आली. मी असं म्हणू? ती तर आता नाहीये, तिच्या मागे म्हणू?

मी देवाशी भांडत नाही हो. मी रोज त्याच्यापाशी बसते, काम उरकून, या खुर्चीत. माझं भांडण पाळकांशी.

नाही, एक बरे होते. तुमच्या आधीचे. मुके म्हणायचे त्यांना सगळे, इतकं कमी बोलायचे. उपदेशसुद्धा एवढासा, चहाला आधण येईपर्यंत संपलेला. त्यांनी मला पाण्यात उतरायचं विचारलंच नाही कधी. खूप उशिरा एकदा इथे आले आणि म्हणाले, 'तान्हेपणी तुमच्यावर पाणी घातलं तेव्हा आई काय म्हणाली होती तुमची?' बस. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, स्वतःचा कप विसळला आणि गेले. आणि पुढच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, तुम्ही आज मांडलात तोच. दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्यालाही सभासद करून घ्यावं. मला सांगितलंही नाही आधी. मी इथेच होते, ही खिडकी तेव्हा उघडी होती, याच खिडकीतून आपण आत चहा देतो. सगळं दिसत होतं. हात वर करा म्हणाले. हात वर झाले, बरेच झाले. मी सगळ्यांचे बघत होते का? छे. मी एकाचाच बघत होते.

आमचे हे म्हणजे इथले थोरले डीकन, मंडळीचे कारभारी, ठाऊकच आहे तुम्हाला. पाळक येतात-जातात, मंडळी यांच्या हाती. समोरच्या खुर्चीवर बसले होते. हात मांडीवर. असा, पालथा. मी म्हटलं आता उचलतील, सगळ्यांत शेवटी उचलायचा असेल, अध्यक्ष आहेत. नाही उचलला. यांचा नाही म्हटल्यावर मागच्या दोन रांगांचेही खाली गेले. ठराव पडला, आणि मुके पाळक हिवाळा लागायच्या आत निघून गेले. त्यांचं सामान बांधायला मी गेले होते.

आणि यांना मी विचारलं नाही. आजवर नाही! घरी आलो, जेवायला वाढलं, जेवले. 'मीठ कमी आहे' म्हणाले. मी मीठ दिलं. झालं. आणि तुम्हाला का सांगतेय मी हे? तुम्ही तर – दोन तासांपूर्वी माझ्या ओळखीचेही नव्हतात.

तर आता कळलं? नियम बदला, नका बदलू, मला सभासदत्वाचं काही पडलेलं नाही. बरं, एक पडलंय. मागची ती दफनभूमी, भिंतीच्या आतली, तिथे फक्त सभासदांना जागा. यांची ठरलेली आहे, सासूसासऱ्यांच्या शेजारी, लिंबाच्या झाडाखाली. माझी भिंतीबाहेर, सार्वजनिक. संसार सगळा एका घरात केला, आणि शेवटी मध्ये भिंत. पण तेही मी गिळलंय. एकदा गिळलं की गिळलं. मग तुम्ही कोण आलात ते पुन्हा ताटात वाढायला? पुन्हा तीच सभा, पुन्हा हात वर करा, पुन्हा तो हात मांडीवर! एकदा बघितला तेव्हा म्हटलं, तत्त्व असेल, सदसद्विवेक असेल, पुरुषांना असतं तसलं काही. दुसऱ्यांदा बघितला तर माझ्यापाशी काही कारण उरणार नाही. माझं वय आहे का आता हे कळून घ्यायचं? म्हणून मी आज ती खिडकी लावून घेतली आणि कडी घातली. आणि म्हणून म्हणते, तो तुमचा कप ठेवा, आत जा आणि सांगा, मी नाव मागे घेतो. अजून वेळ आहे. बोला की काहीतरी! मघाशी व्यासपीठावर तर फार–

थांबा. ऐकलंत? 'हात वर करा.' सचिवांचा आवाज तो. संपलं. आता काय मागे घेणार.

अहो, काय करताय? कडी काढू नका. मी सांगतेय काढू नका! बरं, बघा तुम्ही. बघा. मी नाही बघणार, मी इकडे तोंड करून उभी आहे, मला काही सांगू नका. तुमचं काय ते बघा आणि लावा पुन्हा.

किती आहेत? थोडे? अगदीच थोडे? म्हणजे पडलात. मी म्हटलं होतं ना. मी म्हटलं होतं! आता तुम्हाला परत जायला गाडी संध्याकाळची, तोवर इथेच बसा, नाहीतर सगळे येऊन हात मिळवत राहतील, खोटं खोटं.

काय? कोण? नका सांगू. समोरच्या खुर्चीवरचे – पांढऱ्या केसांचे, हो, काठीवाले, तेच आमचे हे, पण त्यांचं काय? असं कसं. काठी डाव्या हातात असते त्यांच्या. ती खाली ठेवली का? नाही? मग उजवा? उजवा कसा वर जाईल, उजवा खांदा आखडलाय त्यांचा, कंगवा धरवत नाही, सदरा मी घालते सकाळी, कोपराखाली हात देऊन, आणि तरी कळवळतात. तुम्ही नीट बघा. नीट बघा, डोकं खाजवत असतील. पूर्ण वर? कानाच्याही वर?

अजून?

बाकीच्यांनी खाली घेतले तरी अजून?

सरका. सरका हो, वाटेत काय उभे राहिलात! गाडीचं तुमचं तुम्ही बघा, बाहेर विचारा कुणालाही. मला आत जाऊ दे. अहो, तो हात एकदा वर गेला की त्यांना एकट्याने खाली आणता येत नाही.