पाळण्यातला राक्षस

पारोळ्याहून धुळ्याला निघालेल्या बसमध्ये कॉलेजची दोन मुलं फाशांचा, गोष्टीतला खेळ खेळत होती: दानिश गुहेची गोष्ट सांगायचा, प्रेमराज तिच्यातला तलवारबाज, आणि वार लागला का ते फासा ठरवायचा. मागच्या बाकावर यशोदाबाई, मांडीवर नातवाच्या बारशाची कुंची.

"गुहेतले सगळे राक्षस मेले ना, दानिश?"

"एक राहिलाय. पाळण्यात आहे."

"तोही मारला."

"त्यानं काय केलंय, प्रेमराज?"

"खेळाच्या पुस्तकातच लिहिलंय, राक्षस जन्मतःच दुष्ट."

"मग टाक फासा."

"तू टाक."

"तलवार तुझी आहे."

फासा प्रेमराजच्या मुठीतच राहिला. यशोदाबाई मघापासून ऐकत होत्या. अखेर त्या पुढे वाकल्या.

"भाऊ, त्यानं नाव काय शे?"

"अजून ठेवलं नाही, आजी."

"मंग बारसं तर होऊ द्या."

प्रेमराजनं फासा बाकावर ठेवला.

"दानिश, राक्षसांत नावं कशी असतात रे?"